ॲडमिरलचं नाक

१

किप जागा असला की अगदी सज्जन कुत्रा. झोपला की मात्र डेसा सुरेटच्या स्वयंपाकघरात मारामारी सुरू व्हायची. चारही पाय हवेत सुसाट धावायचे, दात करकरायचे आणि घशातून अशी गुरगुर निघायची की घरातली मांजर फ्रिजच्या डोक्यावर जाऊन बसायची.

"पहिल्यांदा आम्ही हसायचो," डेसा म्हणाली. "म्हटलं, स्वप्नात बदकं धरतोय. पोरं व्हिडिओ काढून मामाला पाठवायची. मग एक दिवस त्यानं झोपेतच टेबलाच्या पायावर डोकं आपटून रक्त काढलं. त्यानंतर कुणी हसलं नाही."

डॉक्टर नोरीन अमिरो तिथेच फरशीवर फतकल मारून बसली होती. बाई पन्नाशीची, बुटकी, केस सदा वाऱ्यावर सोडलेले. कुत्र्यांच्या मेंदूचे आनुवंशिक रोग हा तिचा विषय. त्यावर ती परदेशात भाषणं द्यायची, पण जन्म याच यार्मथच्या किनाऱ्यावरचा. त्यामुळे कोटाच्या खिशात कायम डल्सची पुडी. हे वाळवलेलं जांभळं समुद्रशेवाळ चघळल्याशिवाय तिचं डोकं चालत नसे.

किप जागा झाला. काहीतरी चुकल्यासारखा इकडेतिकडे बघत उठला. मागचे पाय फरशीवर घसरले, तरी शेपूट हलवत आला आणि त्यानं आपलं ओलं, काळंभोर नाक नोरीनच्या तळव्यात खुपसलं. डोळ्यांच्या कडाही काळ्या, कुणी काजळ घातल्यासारख्या. बाकी अंग तांबडं, छातीवर पांढरा ठिपका. बदकांच्या शिकाऱ्यांनी या किनाऱ्यावर घडवलेली ही टोलर जात. कुत्रा पाण्याकाठी काठीमागे नाचतो, हे काय चाललंय म्हणून बदकं बघायला येतात आणि गोळीच्या टप्प्यात सापडतात.

"रक्ताचा निकाल आला," नोरीन म्हणाली. "संशय होता तेच आहे, डेसा. मेंदू झिजवणारा रोग. औषध नाही. पुढचे काही महिने मात्र आपण त्याला सुखात ठेवू शकतो."

डेसानं सिंकचा नळ उगाचच सोडला आणि बंद केला. "पण पिल्लू विकताना थेल्मानं सांगितलं होतं, आईबाप दोघंही शुद्ध. तपासलेले."

"तेच तर," नोरीन म्हणाली, आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. दुःखाच्या घरात आपल्याला आनंद होतोय याची तिला लाज वाटली, पण करणार काय? असं कोडं आयुष्यात एखाद्याच वेळी दारात येतं. "या जनुकाच्या प्रत्येक कुत्र्यात दोन प्रती असतात. एक आईची, एक बापाची. दोन वल्ह्यांची होडी समज. एक मोडलं तरी होडी किनाऱ्याला लागते. तसा कुत्रा ठणठणीत राहतो, फक्त खराब प्रत पुढे देऊ शकतो. दोन्ही मोडली की बुडाला. किपची दोन्ही मोडलेली आहेत. आणि कागदोपत्री त्याच्या आईची दोन्ही धड, बापाचीही दोन्ही धड."

"मग याला आली कुठून?"

"ते मला संध्याकाळच्या आत शोधायचंय."

कारण संध्याकाळी टोलर क्लबच्या हॉलमध्ये मतदान होतं. थेल्मा गूडीनं खोटी तपासणी दाखवून रोगट पिल्लं विकली, असा आरोप होता. ठराव मंजूर झाला की तिच्या कुत्र्यांची नोंद कायमची बंद. तिची कुत्री रेन गाभण होती. ती पिल्लं जन्माआधीच बेवारस ठरणार होती. उभं आयुष्य घालून राखलेला वंश जेवणाच्या टेबलावर हात वर करून संपवायचा, असा बेत होता.

"ती खोटं बोलली असेल तर काढाच तिला," डेसा किपचे कान कुरवाळत म्हणाली. "पण बोलली असेल तरच."

२

क्लबचे अध्यक्ष लॉर्न हॅटफिल्ड पाण्याकाठी सापडले. उंच, देखणा, दाढी कोरलेला गृहस्थ; बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. त्यांचा कुत्रा कमोडोर गवतातून उड्या मारत काठी आणत होता आणि खाडीतली बदकं माना उंचावून बघत होती. या जिल्ह्यात कमोडोरइतका देखणा टोलर नव्हता. तांबडं अंग आणि त्यात मिसळून गेलेलं बदामी नाक. जातीवंत टोलरचं नाक एकतर काळं असतं नाहीतर असं.

"ये, नोरीन. तुला उगाच त्रास दिला आम्ही," लॉर्न म्हणाले. "सरळ गोष्ट आहे. थेल्मानं टॅन्सीच्या नावावर दुसऱ्याच कुत्रीच्या लाळेचा नमुना पाठवला. टॅन्सी म्हणजे किपची आई. आता ती मेलीय, विचारणार कुणाला?"

"आणि बाप?"

"बापाबद्दल बोलायचंच नाही. ॲडमिरल तो. असा कुत्रा पुन्हा होणे नाही." आवाजात खरी भक्ती होती. "त्याचं गोठवलेलं वीर्य क्लबच्या टाकीत होतं. शेवटच्या नळ्या. कुणाच्या कुत्रीला द्यायच्या यासाठी चिठ्ठी टाकली, थेल्माचं नाव निघालं. त्याच वीर्यातून त्याचीही तपासणी झाली. स्वच्छ."

"नळ्या वापरल्या तेव्हा काही गडबड? एखादा भटका कुत्रा टॅन्सीपर्यंत पोचला असेल?"

लॉर्न हसले. "मी असताना? क्लबची अटच होती. माजावर आल्यापासून तो उतरेपर्यंत टॅन्सी दवाखान्यात कुलूपबंद. आणि दारात खुर्ची टाकून कोण बसलं होतं? हा गडी. शेवटच्या नळ्या होत्या, पोरी. माशीसुद्धा आत जाऊ दिली नाही."

"मग एक अडचण आहे," नोरीन डल्सचा तुकडा तोंडात टाकत म्हणाली. "थेल्मानं लाळेचा नमुना बदलला असं धरू. टॅन्सी सदोष होती असं धरू. तरी किपला आईकडून एकच खराब प्रत मिळणार. बाप स्वच्छ असेल तर किप आजारी पडूच शकत नाही. एक खोटं पुरत नाही, लॉर्न. दोन लागतात."

त्यांचा हात तिच्या खांद्यावरून निघाला. "ते तुमच्या शास्त्राचं तुम्ही बघा. मतदान आज होणार."

"टॅन्सीचा जुना नमुना माझ्याकडे आहे. मायलेकरांचं नातं तपासता येतं. थोडे आठवडे द्या."

"सगळे सभासद आज जमलेत. उद्या कोण कुठे असेल!"

घाई कुणाला असते? सकाळी निघालेल्या बोटीला, नाहीतर ज्याचं काहीतरी जळतंय त्याला. नोरीन हॉलमध्ये गेली. आत बायका रॅपी पाय या इथल्या पक्वान्नाच्या मोठमोठ्या परातींवर फडकी टाकत होत्या. किसलेला बटाटा आणि कोंबडीचा वास कोनाकोपऱ्यात भरला होता. भिंतीवर मधोमध ॲडमिरलचा रंगीत फोटो होता. पुढच्या बाजूला बर्फ, मागे करडा समुद्र. नाक फिकट.

"काळं होतं बरं का ते," चिटणीस व्हर्नन क्रॉवेल काटे-चमचे मांडता मांडता म्हणाला. हा माणूस क्लबाच्या टाकीपासून चहाच्या किटलीपर्यंत सगळं सांभाळायचा. "हिवाळी नाक. थंडीत उडतो रंग, उन्हाळ्यात परत येतो. माझ्या कुत्रीचंही होतं तसं."

"तू पाहिला होतास ॲडमिरलला?"

"मी? छे. आम्ही सगळे त्याच्या नंतरचे. त्याचा मालक पण गेला. पण सगळ्यांना माहीत आहे हे."

३

थेल्मा गूडीच्या घरात शिरायचं तर आधी रेनची परवानगी लागायची. तिनं नोरीनचे बूट हुंगले, मग आपलं बदामी नाक वर करून तिला आत घेतलं. पोट जमिनीला टेकायला आलं होतं.

थेल्मा सत्तरीच्या पुढची, एका पायानं ताठ. तिनं खुर्ची दाखवली नाही, चहाही विचारला नाही. "तपासायला आलीस की पोचवायला?"

"विचारायला आले, थेल्माकाकू."

"विचार. लाळेचा नमुना मी घेतला नव्हता, डॉक्टरनं घेतला होता. टॅन्सीच्या कातडीखालची चिप वाचून. पण ते आता कोण ऐकतंय? व्हर्नन मला आज दुकानात बघून पिठाच्या पोत्यामागे लपला. माझ्याच कुत्रीच्या पोटचा कुत्रा आहे त्याच्याकडे."

"किप जन्मला तेव्हाचं सांगा."

"तेव्हाचं मला काय ठाऊक? मी इस्पितळात होते. टॅन्सी विणार त्याच्या आदल्या दिवशी धक्क्यावर घसरले, खुबा मोडला. शेजारच्या बर्नडेटनं केलं सगळं. तिनं आयुष्यात कुत्रं पाळलेलं नाही, पण एक पिल्लू दगावू दिलं नाही. मी घरी आले तेव्हा पिल्लं पायात लुडबुडत होती." एवढं बोलून तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "सगळी आईसारखी बदामी नाकाची. टॅन्सीचं नाक असंच होतं, बघ ना." भिंतीवरच्या फोटोत टॅन्सी फुललेल्या रानगुलाबाच्या झुडपाशी बसली होती, बदामी नाक, बदामी पापण्या. "एक किप तेवढा काळ्या नाकाचा. बापावर गेला."

नोरीन पुढे काही विचारणार होती. तेवढ्यात तिची नजर त्या बदामी पापण्यांवर अडली. ती फोटोच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासानं काच धुरकटली.

"काय झालं?"

"काही नाही. मी आलेच." आणि ही प्रौढ, नामांकित बाई दारातून अक्षरशः पळत सुटली.

गाडीत तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. काळं नाक ही वरचढ प्रत. काळ्या नाकाच्या आईबापांच्या पोटी बदामी पिल्लू येऊ शकतं, कारण बदामी प्रत लपून राहते. पण बदामी आणि बदामी यांच्या पोटी काळं? कधीच नाही. लपायला तिथे काळं उरलेलंच नसतं. टॅन्सी बदामी होती. म्हणजे ॲडमिरल काळाच असायला हवा. सगळे म्हणतात तसा.

हॉलमध्ये व्हर्ननच्या हातातून स्टूल ओढून घेऊन ती ॲडमिरलसमोर चढली. थंडी नाकाचा रंग नेते हे खरं, पण पापण्यांचा कधी नेत नाही. हिवाळी नाकाच्या कुत्र्याचेसुद्धा डोळे काळ्या रेघेत बसवलेले असतात. मोबाइलचा उजेड तिनं काचेवर धरला. ॲडमिरलच्या पापण्या बदामी होत्या. ओठांच्या कडाही बदामी.

हिवाळ्यानं त्याचं काही नेलं नव्हतं. तो जन्मापासून तसाच होता. एका बर्फातल्या फोटोमुळे अख्खा क्लब इतकी वर्षं एकमेकांना न पाहिलेलं काळं नाक सांगत आला होता.

ती स्टुलावरून उतरली आणि तिचा चेहरा पडला. किप ॲडमिरलचा मुलगा नव्हता. म्हणजे बाप दुसराच. म्हणजे दुसरं खोटंही सापडलं. थेल्माला वाचवायला निघालेल्या नोरीननं थेल्माच्याच गळ्यात दोर अडकवला होता.

४

ती गाडीत बसली आणि पुडी संपेपर्यंत डल्स चघळत राहिली. समोर खाडीत भरती चढत होती.

भटका कुत्रा. काळ्या नाकाचा, खराब प्रत असलेला. थेल्मानं तो लपवला, वर आईची तपासणीही खोटी केली. जुळतं तर खरं. क्लबात कुणालाही पटेल. पण माजाच्या सगळ्या दिवसांत टॅन्सी कुलपात होती. हे थेल्मा सांगत नव्हती. लॉर्न स्वतः छाती काढून सांगत होते. माशीसुद्धा आत गेली नाही.

मग टॅन्सीच्या पिल्लांना ॲडमिरलशिवाय दुसरा बाप असणं शक्य नाही. आणि किप ॲडमिरलचा असणं शक्य नाही.

नोरीन एकदम ताठ बसली. दोन खोटी शोधत होतो आपण, आईचं वेगळं आणि बापाचं वेगळं. लागत होतं एकच. किपचा बाप ॲडमिरल नव्हे, तशी त्याची आईही टॅन्सी नव्हे. तिनं स्टिअरिंगवर एवढ्या जोरानं थाप मारली की हॉर्न वाजला आणि खाडीतली बदकं उडाली.

बर्नडेट पॉटियर आपल्या शेडमध्ये लॉबस्टरच्या सापळ्यांची जाळी विणत बसली होती. तिची बोटं न बघता चालत होती. नोरीननं आल्या आल्याच विचारलं, "बर्नडेट, टॅन्सीच्या पिल्लांबरोबर तेव्हा आणखी पिल्लं होती का?"

"होती की. लॉर्नची. त्याची जूनो बाळंतपणात गेली, तीन पोरकी पिल्लं मागे. टॅन्सीला दूध मायंदाळ. त्यानं आणून सोडली, तिनं पाजली. कुत्र्यांमध्ये तुझंमाझं नसतं, माणसांसारखं."

"कुणाला बोलला नाहीत कधी?"

"कुणी विचारलं? थेल्माला सांगितलं होतं, पण ती तेव्हा गोळ्यांच्या गुंगीत. आणि त्यात सांगण्यासारखं काय? शेजारधर्म आहे तो."

"सगळी तांबडी. ओळखायची कशी?"

"लोकरीनं. टॅन्सीच्यांना निळी, लॉर्नच्यांना लाल. गळ्यात सैल बांधायची. नाकं तेव्हा सगळ्यांचीच गुलाबी, धुतल्यासारखी. एक कुत्रं दुसऱ्यासारखं, खरं सांगू का, मला तर अजूनही सगळी सारखीच दिसतात." ती हसली आणि मग कपाळाला आठ्या पडल्या. "त्यावरून आठवलं. लॉर्न पिल्लं न्यायला आला ना, तेव्हा मी त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेले. परत आले तर एका निळ्या लोकरीची गाठ भलतीच. मी बांधते ती ही अशी, जाळ्याची." तिनं दोरा ओढून दाखवला, गाठ जागेवर घट्ट बसली. "ती सुटत नाही. कापावी लागते. आणि तिथे होती बुटाच्या नाडीची. मी म्हटलं, ही कुणी बांधली? तर म्हणतो, सुटली होती, मी बांधून दिली. मनात म्हटलं, माझी गाठ सुटली? अख्ख्या बंदरात कुणाला विचार. पण पाहुण्याला काय बोलायचं."

नोरीननं तिच्या गालाचा मुका घेतला. बर्नडेट जाळ्यासकट चकित होऊन बसून राहिली.

५

हॉलमध्ये रॅपी पायच्या परातींवरची फडकी निघाली होती, पण जेवणाला कुणी हात लावला नव्हता. थेल्मा दाराजवळच्या खुर्चीवर एकटी, ताठ पाय समोर करून. डेसा तिच्यापासून दोन टेबलं लांब, ना तिच्या बाजूला ना विरुद्ध. कमोडोर लॉर्नच्या पायाशी निवांत पसरला होता.

"डॉक्टरबाई आपलं म्हणणं थोडक्यात सांगतील आणि मग हात वर करू," लॉर्न म्हणाले.

"थोडक्यातच सांगते," नोरीन म्हणाली. "आधी एक स्टूल द्या."

तिनं व्हर्ननला स्टुलावर चढवलं, हातात उजेड दिला आणि ॲडमिरलच्या पापण्यांचा रंग मोठ्यानं सांगायला लावला. व्हर्ननला तो तीनदा सांगावा लागला, कारण पहिल्या दोन वेळा त्याचा स्वतःवरच विश्वास बसेना. सगळं आयुष्य टोलरांमध्ये गेलेली माणसं होती ती. पापणी म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागलं नाही. हॉलमध्ये कुजबुज पसरली.

"म्हणजे बाप दुसराच," मागून कुणीतरी म्हणालं. "भटकं कुत्रं घातलंन थेल्मानं."

थेल्मानं डोळे मिटून घेतले.

"मलाही तसंच वाटलं," नोरीन म्हणाली. "पण लॉर्न, तुम्हीच सांगितलंत. टॅन्सी कुलपात आणि दारात तुम्ही. माशी गेली होती का आत?"

लॉर्ननी समोरचा काटा उचलून पुन्हा ठेवला.

"सांगा की. गेली असेल तर शेवटच्या नळ्यांची राखण तुम्ही नीट केली नाहीत. नसेल, तर टॅन्सीच्या प्रत्येक पिल्लाचा बाप ॲडमिरल. आणि किपचा तो नाही. मग किप टॅन्सीचाच नाही."

 नोरीननं बर्नडेटला पुढे बोलावलं. बर्नडेटनं पोरकी पिल्लं सांगितली, लोकर सांगितली आणि शेवटी गाठ सांगितली. गाठीपाशी आल्यावर बंदरातली दोन-तीन माणसं नकळत मान हलवायला लागली. बर्नडेटची गाठ आपोआप सुटली यावर त्या किनाऱ्यावर एकाचाही विश्वास बसणार नव्हता.

"निळी लोकर कापून एका पिल्लाच्या गळ्यातून काढली आणि दुसऱ्याच्या गळ्यात बांधली," नोरीन म्हणाली. "टॅन्सीचं पिल्लू लाल लोकर लेवून लॉर्नच्या घरी गेलं. जूनोचं पिल्लू निळी लोकर लेवून थेल्माकडे राहिलं. तोच आपला किप. क्लबच्या नोंदवहीत मी पाहिलं, जूनो आणि तिचा जोडीदार, दोघंही काळ्या नाकाचे. दोघांच्याही तपासण्या कधीच झाल्या नाहीत, कारण कागदावर लिहिलं होतं, शुद्ध आईबापांची संतती. तीन पिढ्या तेच वाक्य पुढे उतरवत आल्या. आपण सगळेच उतरवतो. मधल्या कुठल्या तरी पिढीत ते खोटं झालं आणि कुणी बघितलं नाही."

"हे सगळं अंदाजपंचे," लॉर्न म्हणाले. आवाज मात्र बारीक झाला होता.

"खरं आहे." नोरीननं खिशातून लाळ घ्यायची काडी काढली, कागद फाडला आणि ती कमोडोरकडे चालू लागली. "म्हणून याच्या गालातून एकदा फिरवते. निकालाला वेळ लागेल. मी चुकले असेन तर याच हॉलमध्ये, याच ॲडमिरलखाली तुमची माफी मागेन."

कमोडोर उठला, बदामी नाक पुढे करून त्यानं तिचा हात हुंगला. गाल दाखवायला सगळ्यात आधी तोच तयार होता. लॉर्ननी त्याचा पट्टा धरला आणि त्याला मागे ओढलं. एवढंच केलं. पण ते सगळ्यांनी पाहिलं.

 मग लॉर्न खाली बसले.

"चिठ्ठीत तिचं नाव निघालं," ते म्हणाले. "आणि मी दारात खुर्ची टाकून दुसऱ्याच्या नशिबाची राखण करत बसलो. लहानपणापासून या फोटोखाली जेवतोय मी. मला ॲडमिरलचा एक मुलगा हवा होता. एकच. थेल्माकडे सहा होते. मला वाटलं, कुणाचं काय जातंय? पिल्लाच्या जागी पिल्लू."

थेल्मा उठली. ताठ पायानं टेबलांच्या मधून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "मूर्खा," ती म्हणाली, "दवाखान्यातून घरी जाताना मी टॅन्सीला काय सांगितलं होतं ठाऊक आहे? यातलं पहिलं पिल्लू त्या पहारेकऱ्याचं. मागितलं असतंस तर निवडून दिलं असतं."

लॉर्ननी मान खाली घातली. थेल्मा कमोडोरकडे वळली, त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि त्याच्या डोळ्यांत बराच वेळ बघितलं. तिची टॅन्सी तिला तिथे दिसली असावी.

"याला मी नेणार नाही," ती म्हणाली. "याला काय माहीत चोरी? त्याचं घर तिकडेच आहे."

"पिल्लाची चोरी मी समजू शकते," नोरीन म्हणाली. आता तिच्यात सकाळची ती उसळी नव्हती, राग होता. "पण किप आजारी पडल्याचं कळलं, त्या दिवशी तुम्हाला समजलं होतं की रोग तुमच्या जूनोचा आहे. तिची आणखी दोन पिल्लं कुठेतरी कुणाच्या तरी घरात आहेत. त्या लोकांना सांगायचं सोडून तुम्ही थेल्मावर बोट रोखलंत."

 व्हर्नननं विचारलं, ठरावाचं काय? कुणीतरी त्याला गप्प बस म्हणालं आणि पिठाच्या पोत्यामागे लपलेला तो माणूस ताट वाढून घेऊन थेल्मापाशी गेला. थेल्मानं ते लगेच घेतलं नाही. त्याला जरा वेळ हातात धरून उभं ठेवलं.

डेसा उठली. ती कोट चढवत लॉर्नच्या टेबलाशी आली.

"म्हणजे किप तुमचा," ती म्हणाली. "उद्या सकाळी या. नाश्त्यानंतर झोपतो तो. एकदा बघा."

६

ते आले. नोरीनला खात्री नव्हती, पण आले. दाढी विस्कटलेली, टोपी हातात. डेसानं खुर्ची दाखवली. त्यांनी ती घेतली नाही, नोरीनसारखेच फरशीवर बसले.

किप शेगडीजवळ झोपला होता. आधी एक पंजा हलला. मग चारही पाय सुटले, दात वाजले, गुरगुर उठली आणि मांजर फ्रिजवर गेली. लॉर्ननी हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. शेवटी त्यांनी आपला कोट काढून किपचं डोकं आणि टेबलाचा पाय यांच्यामध्ये ठेवला. किपचं डोकं त्यावर आपटत राहिलं. मग तो जागा झाला, अनोळखी माणसाकडे बघून शेपूट हलवली आणि काळं, ओलं नाक त्यांच्या मनगटाला लावलं.

लॉर्न रडले. डेसानं त्यांना रडू दिलं. मग तिनं भिंतीवरचा फोन त्यांच्यापुढे धरला.

"आधी मॉन्क्टनचं घर, जूनोचं दुसरं पिल्लू आहे तिथलं," ती म्हणाली. "त्यांना लहान मुलं आहेत, असं काल निघताना तुम्हीच म्हणालात."

त्यांनी नंबर फिरवला. पलीकडे बराच वेळ घंटा वाजत राहिली. मग एका बाईचा आनंदी आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"मी लॉर्न हॅटफिल्ड बोलतोय. तुम्हाला कुत्रा दिला होता मी." त्यांनी किपच्या मानेवर हात ठेवला. "एक विचारायचं होतं. तुमचा कुत्रा झोपेत पाय झाडतो का?"

बाई हसली. "अहो, खूपच. पोरं व्हिडिओ काढतात त्याचे."